न भुंकणारं विमान

माणूस गेला की त्याचे कपडे वर्षभरात कुणाकुणाला देऊन होतात. किस्से मात्र कुणी नेत नाही, उलट आणून टाकतात. दर रविवारी कडेगावचे पवारभाऊजी आणि तासगावचे मानेभाऊजी पलूसला आमच्याकडे येतात, चहा घेतात आणि सुरेशचा एखादा किस्सा ठेवून जातात. सुरेश म्हणजे माझा नवरा. तिघंही आधी एअरफोर्समध्ये, मग एका विमान कंपनीत मेंटेनन्सला. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, पण तीनशेवीस आणि तीनशेएकवीस या विमानांतला फरक झोपेतही सांगेन. इतक्या वेळा ऐकलाय!

*

हा फरक सुरेशनं एकदा माझ्या सासूबाईंना समजावला होता. "आई, ट्रॅक्टर तोच. वीसला साधी ट्रॉली, एकवीसला लांब. बाकी सख्खे भाऊ."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मंग तोंड वर उचललं की लांबडीचं बूड भुईला घासत असंल की रं!"

उड्डाणाच्या वेळी एकवीसची शेपटी खरंच धावपट्टीला घासू शकते. नंतर सुरेश पवारभाऊजींना म्हणाला, "आपल्याला हे कोर्समध्ये दोन दिवस शिकवलं. आईला पाव किलो शेंगा लागल्या."

*

पवारभाऊजींचा स्वतःचा किस्सा चाकाचा. मे महिन्यातली दुपार, तापलेलं डांबर. भाऊजी विमानाचं चाक गाडीवरून ढकलत अर्धा किलोमीटर घेऊन आले. समोर एकवीस उभं. सुरेशनं चाकाकडे एकदाच पाहिलं.

"पवार, हे वीसचं. धाकट्याचं थोरल्याला कसं बसेल?"

भाऊजींनी घाम पुसला. "मंग स्टोअरवाल्यानं वाढत्या अंगाचं द्यायचं न्हाई व्हय!"

*

सातशेसदतीस हे तिसरंच घराणं. वीसशी रक्ताचं नातं नाही, पण लांबून दोघं जुळे वाटतात. ओळखायची खूण इंजिनात. सदतीसच्या इंजिनाचं तोंड खालून चपटं, वीसचं गोल.

मानेभाऊजींच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा विमानतळावर नोकरीला आहे असं कळलं. झालं! पोहे बाजूला सारून भाऊजींनी मोबाईलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. "ह्ये कंचं?"

"सदतीस. खालनं चपटं हाय की."

भाऊजी उठून त्याला मिठी मारणार, एवढ्यात मुलगी आतून म्हणाली, "अप्पा, तुमी विमान पास केलंय. मुलगा मी अजून पास केला न्हाई."

लग्न जमलं नाही. मुलगा अजून भाऊजींना फोटो पाठवतो.

*

एक किस्सा या दोघांना माहीत नाही. सांगलीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सुरेशच्या उशाशी ऑक्सिजनचं नवं मशीन आणलं. ते जुन्यासारखंच दिसत होतं, फक्त चालू व्हायला वेळ घेत होतं. सिस्टर बिचारी बटणं दाबून कावरीबावरी झाली.

"असू दे," सुरेश म्हणाला. "आमच्या नव्या वीसचं इंजिन पण असंच. जुन्यापेक्षा सावकाश चालू होतं. मला घाई नाही."

मी तेव्हा हसले होते.

*

आता भुंकण्याचं. वीस आणि एकवीस निघायच्या बेतात असली की पोटातून खर्र-खर्र, खर्र-खर्र असा आवाज येतो. तो तेलाच्या दाबाचा पंप असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, खाली कुत्रं कोंडलंय. आमच्या दारातला काळू सुरेशनं स्कूटर काढली की असाच भुंकायचा. त्यामुळे विमानात तो आवाज आला की सुरेश माझा हात धरून म्हणायचा, "काळू उठला. निघालो आपण." प्रत्येक प्रवासात. मला कंटाळा यायचा, खरं सांगते.

लेक दिल्लीला असते. पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी जवळची तारीख दिलेली. ती रोज विचारायची, "आई, कधी येतेस?" मी शाळेच्या परीक्षा सांगायचे, कधी कंबर सांगायचे. खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. तो आवाज मला एकटीनं ऐकायचा नव्हता.

एका रविवारी मानेभाऊजींनी चहाच्या कपाशेजारी तिकीट ठेवलं. पुणे-दिल्ली, गुरुवार सकाळ.

"मी कुठे म्हटलं येते म्हणून?"

"वहिनी, सदतीस हाय," भाऊजी कपाकडे बघत म्हणाले. "ते भुंकत न्हाई."

पवारभाऊजी खिडकीतून बाहेर बघत राहिले. सुरेशनं यांना काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे.

*

गुरुवारी दोघं मला पुण्याच्या विमानतळावर सोडायला आले. मी आत जाऊन काचेपाशी बसले. विमान येऊन लागलं. इंजिन खालून गोल होतं.

फोन वाजला. पवारभाऊजी दारातच थांबले होते. "वहिनी, लय घोळ झाला. कंपनीनं ऐनवेळी विमान बदललं."

"दिसलं मला. वीस आहे."

मग मानेभाऊजींचा आवाज आला. "आवं, परत या. उद्याचं बघू. सदतीसच बघू."

लेकीचा सकाळीच मेसेज आला होता, रात्रीपासून पोटात दुखतंय म्हणून. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आता घरी जा. दुपारच्या जेवणाला पोचाल."

शेजारच्या सीटवर साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. मुलगा फौजेत, दिल्लीला. पहिलंच विमान. पट्टा त्यांना लावता येईना, तो मी लावून दिला. दारं बंद झाली. दिवे एकदा मिचमिचले. आणि खालून आलाच.

खर्र-खर्र. खर्र-खर्र.

आजींनी पाय वर घेतले. "आवं बाई, खाली कुणाचं कुत्रं कोंडलंय का वो?"

मी त्यांचा हात धरला. "आमचं आहे. काळू नाव त्याचं. तो उठला की निघतो आपण."

"आणि पाणीबिणी दिलंय का त्येला?"

"दिलंय," मी म्हटलं. "सोबत आमचे हे आहेत."