दार्दोची सातवी खोली

रविवारी त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावर जुना बाजार भरतो. आमच्या वरच्या मजल्यावरचा मिल्टन बिदेगाइन काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या आमच्याकडच्या कडू चहाचा पेला घेऊन सगळ्यांच्या आधी तिथे पोचतो. वय चोपन्न, नोकरी टपालखात्यात. धुकं असलं की तो चालत नसून तरंगतो आहे असंच मला खिडकीतून वाटतं.

नऊ वर्षं तो ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक शोधत होता. नव्या संगणकाच्या पोटात जुना हुबेहूब जागा करणारा प्रोग्राम तो लिहितो. त्याला एम्युलेटर म्हणतात. त्यासाठी जुन्या यंत्राचा ठोका न् ठोका मोजावा लागतो, आणि मोजायला खरं यंत्र लागतं.

हे सगळं एका कॅसेटसाठी. त्याच्या थोरल्या भावाने, दार्दोने, १९८७ साली घरच्या संगणकावर एक खेळ लिहून तिच्यात भरला होता. समुद्रकाठचं घर, सात खोल्या. "सातवी तू स्वतः पोचून बघ," असं मिल्टनला सांगून तो मासेमारीच्या बोटीवर गेला. बोट परत आली नाही. आईने यंत्र विकून टाकलं. कॅसेट राहिली.

एम्युलेटरमध्ये खेळ चाले, पण त्यातली धून धावत सुटे आणि सातवं दार उघडत नसे.

"दार्दो आयुष्यात कधी धावला नाही," मिल्टन म्हणायचा.

"मग प्रोग्राम आतून वाचून बघ ना," मी एकदा म्हटलं.

"टपालातला माणूस मी, डोन्या इर्मा. पाकीट वाफेवर धरून उघडू?" मला तो मानाने 'डोन्या', म्हणजे बाई, म्हणतो.

बाजारात मात्र तो भारी सोवळा. सील तुटलेल्या यंत्राला हात लावत नसे. भंगारवाला बालतासार त्याला लांबून बघूनच ओरडायचा, "आले बिशपसाहेब! तपासा सील, तपासा पापं!"

"आत कोणीतरी डाग दिलाय रे. बाटलंय हे."

"मास्तर, या शहरात न बाटलेलं काय उरलंय?"

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो माझ्याकडे चहाला आला होता. बोलता बोलता मला आठवलं, म्हणून मी कपाटातून जुनी डायरी काढली. माझे यजमान ओस्वाल्दो टीव्ही दुरुस्त करायचे. मी वाचून दाखवलं: "१२ मे १९८६, सोमवार. बिदेगाइन बाईंचा संगणक. टीव्हीवर रंग येत नाही. ओस्वाल्दोने स्फटिक आणि एक चिप बदलली. सायंकाळी रंग आला. भोपळ्याचा मुरांबा मिळाला."

मिल्टनने कप खाली ठेवला.

"आमचं यंत्र उघडलं होतं?"

"सगळ्यांचीच उघडत. उत्तरेकडच्या देशांतून बॅगांत भरून यायची ती, तिथली रंगाची पद्धत वेगळी, म्हणून आपल्या टीव्हीवर काळीपांढरी दिसायची. शेजारच्या गल्लीतला दुरुस्तीवालाही हेच करायचा."

"आणि स्फटिक बदलला की ठोके बदलतात," तो हळूच म्हणाला. "नऊ वर्षं मी हवी तीच यंत्रं नाकारत होतो."

पुढच्या रविवारी मीही गेले. बालतासारने टेबलाच्या लंगड्या पायाखालून एक यंत्र ओढून काढलं. मिल्टनने झाकण उघडलं. आत डाग दिल्या जागी नखाएवढा लाल ठिपका होता.

"हे माझं नेलपॉलिश," मी म्हटलं. "ओस्वाल्दो खुणेसाठी चोरायचे."

"बघा!" बालतासार म्हणाला. "बिशपसाहेब, पाप ओळखीचं निघालं!"

त्या यंत्रावर चित्र येत नव्हतं, पण ठोके जिवंत होते. मिल्टन तीन आठवडे ते मोजत बसला.

मग एका सकाळी त्याने मला वर बोलावलं. धून वाजत होती, ओल्या वाळूवरून कोणी अनवाणी यावं तशी. ठोके जुळले तसं सातवं दारही उघडलं. आत खजिना नव्हता. एक खिडकी, तिच्यापलीकडे निळ्या चौकोनांचा समुद्र, आणि दोन खुर्च्या. एकीवर छोटासा माणूस पाठमोरा बसला होता. मिल्टनने खेळातला आपला माणूस दुसरीपर्यंत नेला. तो आपोआप बसला. पुढे काहीच झालं नाही. नुसत्या लाटा हलत राहिल्या.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "बंद करायचं का रे?"

"राहू द्या, डोन्या इर्मा," मिल्टन म्हणाला. "आत्ता कुठे बसलोय."