अकरा वाजवणारे आणि मी मास्तर

एक लग्नसराई बँड चालवून बघा. पेटीत वाद्यं कमी अन् घरी किस्से जास्त, अशी गत होते! मी तर आमच्या मानोऱ्याकडच्या मालेगावात अशा चार सराया काढल्या.

बांगलादेशची लढाई संपल्यावर पलटणीच्या बँडमधून सुटून मी गावी आलो. आमचे जुने मास्तर लतीफचाचा. दात पडल्यामुळे त्यांना क्लॅरोनेट फुंकता येईना. त्यांनीच मला बोलावलं. "बेटा, अब तूच संभाळ," म्हणाले आणि स्वतः झांजा घेऊन मागे उभे राहिले. मला वाटलं, सहा महिन्यांत पलटणीसारखा बँड उभा करतो. तिथंच चुकलो!

* * *

सगळे कानानं वाजवायचे. मी रात्रंदिवस खपून प्रत्येकाचे सूर पुठ्ठ्यावर लिहिले, वाचायलाही शिकवलं. पण चालताना पुठ्ठा धरणार कोण? मी डोकं चालवलं. प्रत्येकाचा पुठ्ठा पुढच्याच्या पाठीला बांधला.

भीमजयंतीची मिरवणूक मानोऱ्यात छान निघाली. एकाएकी क्लॅरोनेट बंद. मागे वळलो, तर लतीफचाचांचा पुतण्या गफार हात पसरून उभा!

"काय झालं रे?"

"मास्तर, माहं गानं पानठेल्यावर गेलं ना!"

त्याच्या पुढचा ढोलवाला शंकर पान लावून घेत होता.

* * *

मग मी बुटांचा नियम केला. "पुढच्या लग्नात प्रत्येकानं बूट आणायचे. पॉलिश केलेले!"

लग्नाच्या दिवशी बघतो तर सगळ्यांच्या पायात बूट. शंकरचे मात्र गळ्यात! नाड्या बांधून, चकचकीत.

"हे काय?"

"तुमी बूट आना म्हनले, आनले. घाला म्हनले होते काय?"

* * *

पलटणीत मास्तरची काठी वर गेली की बँड जागेवर थांबतो. महिनाभर मी हेच घोटून घेतलं. मालेगावच्या बाजारात नवरदेवाची मिरवणूक आली, समोर बैलगाडी आडवी. मी काठी झटकन वर केली.

घोडीला वाटलं, मारतोय! ती नवरदेवाला घेऊन जी सुटली, ती थेट धान्याच्या ढिगात. आमचा बँड? वाजतच होता. मागून चालतच होता!

मी ओरडलो, "थांबले काहून नाही?"

गफार शांतपणे म्हणाला, "घोडी थांबली काय? मंग आमी कायले थांबू?"

* * *

पलटणीतले आमचे सुभेदार म्हणायचे, माणसांना बरोबर घ्यायचं तर त्यांचंही ऐकावं. म्हणून मी मीटिंग बोलावली. सगळ्यांना चहा दिला. "आता मनमोकळं सांगा. बँडमध्ये काय बदलायला पाहिजे?"

सगळे बशीतला चहा फुरकत बसले. शेवटी लतीफचाचांनी बशी खाली ठेवली.

"मास्टर, एक बात हय. ये मीटिंग मत लेव."

अकराच्या अकरा हात वर! माझ्या कारकिर्दीत एकमतानं झालेला ठराव तेवढा एकच.

* * *

चौथ्या सराईत मात्र एक गोष्ट मनाला फार लागली. एका लग्नात मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मास्तर कोण?" मी पुढे झालो, तोवर शंकरनं बोट दाखवलं लतीफचाचांकडे. चाचाही सहज होकाराची मान हलवून गेले. मी घरी आलो, जेवलो नाही. बायको म्हणाली, "सोडून द्या ना मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या अंगणात तालमीला सगळे जमले. मी काठी खाटेवर ठेवली.

"आजपासून मी मास्तर नाही. माझ्यानं होत नाही. ज्याला चालवायचं त्यानं चालवा."

गफारनं क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं. शंकर खाली मान घालून ढोलाची दोरी ओढत होता. मी चपला पायात सरकवू लागलो.

"ठीक हाय," शंकर म्हणाला. "पन उद्या इंझोरीचं लगन हाय. किती वाजता निघाचं, थे सांगून जा."

"सहाला," मी म्हणालो.

"पहिले कोनतं वाजवाचं?" गफारनं विचारलं.

तेही सांगितलं. मग कोण कुठं उभं राहील, ते विचारलं. तेही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लतीफचाचांनी झांजा फडक्यात गुंडाळल्या आणि उठले.

"चलो रे, घर चलो. मास्टरनं काम छोड दिया." दोन पावलं गेले आणि मागे वळले. "और मास्टर, कल देर मत करो. छे बजे मतलब छे बजे!"