घसरगुंडीवरचं विमानशिक्षण

विमान अपघातात माझा पाय मोडला, तेव्हा विमान सुटायला अजून पाच दिवस होते.

ही गोष्ट स्वस्त विमानं नुकतीच सुरू झाली त्या काळातली. त्याआधी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत विमानात बसलेला माणूस म्हणजे मुलगा अमेरिकेत असलेला माणूस. भेटेल त्याला तो जेट लॅग समजावून सांगायचा. पुढे जो तो विमानाने निघाला आणि त्या बिचाऱ्यांची किंमत गेली. आमची मेघा आणि जावई दोघंही आयटीत, बंगळूरला. मेघाचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली होती, म्हणून बाळंतपण तिकडेच करायचं ठरलं. जावयाने आम्हा दोघांची तिकिटं काढून पाठवली. सुमनने, म्हणजे माझ्या पत्नीने, डिंकाचे लाडू वळायला घेतले. मूल जन्माला येईल तेव्हा आपण लेकीजवळ असायचं, एवढा एकच ध्यास तिला होता. मला मात्र असं साधं निघता येत नाही. मी शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, त्यातली नऊ वर्षं मुख्याध्यापक म्हणून.

त्याच सुमारास जवळच्या एका सभागृहात ‘विमानप्रवास आणि आपली सुरक्षितता’ असं मोफत व्याख्यान होतं. मी स्कूटरवरून गेलो. (हेल्मेट? पुण्यात? व्याख्यान विमानाचं होतं.) वक्ते निवृत्त वैमानिक होते आणि नवे वैमानिक घडवण्याचं काम करत होते. श्रोते चौदा, त्यातले पाच चहासाठी आलेले. वक्त्यांनी विचारलं, विमानात सुरक्षेच्या सूचना चालू असताना कितीजण ऐकतात? एका गृहस्थांनी सांगितलं, आम्ही तेव्हा पेपर वाचतो. या शहरात माणूस सिग्नल मोडून वर पोलिसाला नियम शिकवतो, तो सूचना कशाला ऐकेल! मी एकट्यानेच वहीत सगळं उतरवून घेतलं. शेवटी वक्ते म्हणाले की वैमानिकसुद्धा ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा सराव करतात, नुसती माहिती संकटात उपयोगी पडत नाही. हे वाक्य मी लाल शाईने अधोरेखित केलं. पुढचा सगळा अनर्थ त्या लाल शाईतून झाला.

घरी आल्याबरोबर मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओळीने मांडल्या आणि सुमनला माझ्या पँटचा पट्टा बांधून त्यातल्या एकीवर बसवलं. दारापर्यंत किती खुर्च्या आहेत ते मोज, अंधारात हात लावून ओळखता आलं पाहिजे, असं सांगितलं.

“या घरात सत्तावीस वर्षं अंधारात उठून पाणी भरलंय मी,” ती म्हणाली. “दार कुठे आहे ते माहितीये मला.”

सामान सोडून पळायचं, या सूचनेवर तर तिने साफ नकार दिला. लाडवांचा डबा सोडून ती येणार नव्हती. मी आवाज चढवला. तिने पट्टा सोडला आणि पाक बघायला निघून गेली. अशा अडाणी सहप्रवाशांमुळेच माणसं मरतात, असं मी मेघाला फोनवर सांगितलंसुद्धा. तिने फोन आईला द्यायला सांगितलं.

राहिला मुद्दा आपत्कालीन घसरगुंडीचा. विमानाच्या दारातून हवा भरलेली घसरगुंडी खाली सोडतात. तिच्यावर बसायचं नाही, हात छातीशी घेऊन थेट उडी मारायची. हे खुर्च्यांवर शिकवणं अशक्य होतं. पण सोसायटीच्या बागेत लहान मुलांची पत्र्याची घसरगुंडी होती! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुमनला दूध आणायला जाऊ असं खोटं सांगून मी तिथे नेलं. शेजारी आमचा ज्येष्ठांचा हास्यक्लब चालू होता. मी शिडी चढलो, वहीतल्या सूचना मोठ्याने वाचल्या, वही खाली टाकली (सामान सोडायचं) आणि हात छातीशी घेतले.

“अहो, ती पाच वर्षांच्या पोरांची आहे,” सुमन खालून म्हणाली.

मी उडी मारली. विमानाची घसरगुंडी माणसाला झेलते. पत्र्याची घसरगुंडी उडवते. मी बाकीचं अंतर हवेतून कापलं आणि शेवटी जिथे वाळू असायला हवी होती तिथे फरशीवर उतरलो. (वाळूत मांजरं घाण करतात म्हणून ती काढून फरशी घालायचा ठराव मीच मांडला होता.) हास्यक्लबातली मंडळी रोज सूचनेबरहुकूम हसतात. त्या दिवशी पहिल्यांदाच ती सूचनेशिवाय हसली.

घोटा मोडला होता. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. मग सुमनचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, “तुम्हाला टाकून कशी जाऊ? आणि मेघाला काय सांगू?” तेव्हा मला माझी खरोखर लाज वाटली. डॉक्टरांनी सांगितलं, चार दिवसांनी पाय बघतो, सूज उतरली असेल तर प्रवासाचं पत्र देतो. ते चार दिवस मी पाय उशीवर ठेवून, तोंड बंद करून काढले. सूज उतरली. (पुढचं आत्ताच सांगून टाकतो: आम्ही वेळेत पोहोचलो, तिसऱ्या दिवशी नात झाली आणि सुमन लेकीजवळ होती.)

पण त्याआधी विमान होतं. आपत्कालीन दाराशेजारची जागा मी मुद्दाम मागून घ्यायची ठरवली होती. तिथे जाणता माणूस हवा. चाकाच्या खुर्चीवरून मला आत नेलं आणि मागे, खिडकीशी कोंबलं. संकटात मी इतरांच्या वाटेत येऊ नये म्हणून! मग हवाई कर्मचारी मुलगी वाकून, माझ्याशी नव्हे, सुमनशी बोलू लागली.

“काकू, काही झालंच तर आधी बाकीचे सगळे उतरतील. वाट मोकळी झाली की शेवटी तुम्ही काकांना घेऊन यायचं.”

सुमनने मांडीवरचा लाडवांचा डबा नीट धरला आणि थोडा विचार केला.

“यांना आणणं सक्तीचं आहे का?”

मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला. विमानाने धाव घेतली, आणि जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेल्या मी डोळे मिटून आठवतील तेवढ्या देवांचा धावा केला. विमान पडेल ही भीती मला अजिबात नव्हती. पडल्यावर सुमन काय ठरवेल, एवढीच होती.