मामांची जास्वंद

जगातली कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानू नये, असं माझ्या आत्याच्या यजमानांचं ठाम मत आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. भोसरीच्या वर्कशॉपात जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, ड्रॉइंगबरहुकूम आहे का हे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. केसभर फरक दिसला की जॉब परत! घरी पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघायचे. आत्या वैतागायची, "अहो, खा आता, तिला काही गिअरबॉक्समध्ये बसवायचं नाहीये!"

आत्याचं भरतकाम म्हणजे काय सांगू! आमच्या गल्लीत तिने भरलेल्या अभ्र्यांशिवाय एकाही मुलीचं रुखवत मांडलं गेलं नाही. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात दुबळा झाला. बोटं हलती ठेवा, नाहीतर कायमची आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं. पण कार्बन पेपर ठेवून कापडावर नक्षी गिरवताना रेघ थरथरली आणि बाईसाहेबांनी सुयादोऱ्यांचा डबा माळ्यावर टाकायला लावला. कुणाचं म्हणून ऐकेना.

तेव्हा मामांनी घरी प्रिंटर आणला. नक्षी कागदावर उलटी छापायची, कागद कापडावर पालथा घालून वरून गरम इस्त्री दाबायची, की शाई कापडावर उतरते. हे शिकताना त्यांनी स्वतःचे दोन लेंगे जाळले. पहिली जास्वंद मात्र सुरेख उतरली. फक्त जन्माची खोड जाईना. कंपनीतल्या ड्रॉइंगसारखी त्यांनी फुलाच्या मधोमध तुटक सेंटर लाइनही मारली होती. शेजारच्या वहिनींनी ते कापड हौसेने नेलं आणि ती रेघही लाल दोऱ्याने इमानेइतबारे भरून आणली.

"अहो वहिनी, ती रेघ नुसती मापाची असते!" मामा कळवळले.

"आता भरली ना भाऊजी? राहू द्या, छान दिसतेय."

आत्या इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसत म्हणाली, "तो डबा काढा बघू खाली. तुमच्या भरवशावर राहिले तर फुलांना नटबोल्ट लागतील."

पुढे कित्येक दुपारी ती एकच जास्वंद भरत बसली होती. झाली तेव्हा एक पाकळी रेघ सोडून पार कलंडलेली. मामा चष्मा लावून आले तशी तिने कापड पदराखाली लपवलं. "नका ना बघू. तुम्ही रिजेक्ट कराल."

मामांनी ते हळूच काढून घेतलं, प्रिंटरच्या काचेवर ठेवून त्याचा फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर खाडखूड करत बसले. मग नवा कागद तिच्या मांडीवर ठेवला. त्यावरची पाकळी अगदी तशीच कलंडलेली होती.

"जॉब बरोबर आहे गं," ते म्हणाले. "ड्रॉइंग चुकलं होतं."

मला तिथेच रडू फुटलं; त्यात लाजायचं काय? आता ती दोघं रावेतला मुलाकडे असतात आणि त्यांच्या दाराला कुलूप बघून मला अजून चुटपुट लागते. गल्लीतल्या बायका मात्र तीच जास्वंद भरतात. कुणी पाकळी सरळ करायला निघालं, तर मी भांडते.