जाणाऱ्याचं नाव

रसायनाच्या प्रोफेसरांनी सांगितलं, की मिठाच्या पाण्यात दोन तारा सोडून वीज लावली की भारित अणू तारांकडे निघतात. त्यांना आयन म्हणतात आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा'. हे ज्ञान घरी पाजळलं नसतं, तर मी कसला सायन्सचा विद्यार्थी!

घरी वडिलांची ट्रंक भरणं चाललं होतं. ते सचिवालयात कारकून. उन्हाळ्यात नागपूर तापू लागलं की सगळं सरकार थंड हवेच्या पचमढीला जायचं, आणि फायलींसोबत वडीलही. मी आयन समजावून सांगितला, तर ते ट्रंकेवर बसून खूश.

"म्हंजे मी आयनच की! साहेबाले गरमी झाली का मी निंगालो. लोक धाडणाऱ्याचंच नाव घेते. हे गिरीक लोक शहाणे, जाणाऱ्याले नाव देल्लं त्याईनं."

आई अंगणात कुरडया घालून आत आली होती. तोंड लालबुंद, हात चिकाने माखलेले.

"आन् जो मांगं या भट्टीत राहते," ती म्हणाली, "त्याले काय म्हणते गा गिरीक लोक?"

वडील एकदम कुलूप शोधू लागले. मला रागच आला. एवढ्या मोठ्या शास्त्राची फजिती! रात्रभर पुस्तक पालथं घातलं, पण शब्द सापडेना. शेवटी प्रोफेसरांनाच विचारलं. त्यांनी चष्मा पुसला.

"ते परीक्षेला येत नाही," ते म्हणाले.