काळ्या पडद्यापुढचे मेव्हणे

जगातली काळजी सगळ्या माणसांत सारखी वाटली गेली असती, तर माझ्या मेव्हण्यांना दुसरा उद्योग शोधावा लागला असता. बायकोचे हे थोरले भाऊ मूळचे परभणीकडचे. आता घणसोलीत राहतात आणि चार ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतात. घराबाहेर पडले की गॅस बंद केलाय ना, हे बघायला निम्म्या वाटेवरून परत जातात. आमच्या लग्नात अंतरपाटामागे मीच उभा आहे ना, याची त्यांनी डोकावून खात्री केली होती. न्हावा शेवा बंदराजवळच्या माझ्या फळनिर्यातीच्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर त्यांनीच बसवला. त्यावर ना खिडक्या, ना चित्रं. नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कारण विचारलं तर म्हणाले, "चित्रं दिसली की माणूस गाफील होतो, दाजी."

एकदा ऐन वेळी प्रिंटर मेला. डाळिंबं भरलेला कंटेनर दारात उभा, छापील कागदांशिवाय बंदरात प्रवेश नाही, आणि संध्याकाळी गेट बंद. मी नवा प्रिंटर आणला नि मेव्हण्यांना, म्हणजे आमच्या दादांना, बोलावलं. आल्या आल्या त्यांनी पंखा बंद करायला लावला. का, ते आजही मला कळलेलं नाही. मग एकेक आज्ञा टाइप करायची, पुटपुटत वाचायची, एंटरवर बोट न्यायचं आणि मागे घ्यायचं. ड्रायव्हर दारातून म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ. फक्त लवकर करा." शेवटी एंटर दाबलं, तर पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"बिघडलं का?" मी घाबरत विचारलं.

"नाही. चुकलं असतं तर सर्व्हर बोलला असता," ते घाम पुसत म्हणाले.

कागद छापायला पाठवला, तर प्रिंटरचा लाल दिवा नुसताच लुकलुकत राहिला. दादांचा चेहरा उतरला. "डाळिंबं किती टिकतात हो?" त्यांनी हळूच विचारलं आणि सगळ्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या. एका ओळीवर बोट थांबलं. सर्व्हर अमेरिकी मापाचा कागद मागत होता, ट्रेमध्ये मात्र आपला ए-फोर. त्यांनी माप बदललं आणि घरघर करत कागद बाहेर आला.

गाडी गेटच्या आत गेल्याचा फोन येईपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. फोन आल्यावर मी सहज विचारलं, "दादा, तुमची तब्येत कशी आहे?"

ते गोंधळले. हा प्रश्न कुणी विचारेल अशी त्यांची तयारी नसावी. गार झालेला चहा जवळ ओढला आणि म्हणाले, "बरी असावी. तपासायची राहूनच गेली."