सहा तासांचं लग्न आणि उसना मॅक

काम सत्त्याऐंशी टक्क्यांवर आलं आणि माझा लॅपटॉप तिसऱ्यांदा मेला. आधी त्याचा पंखा घाट चढणाऱ्या मालगाडीसारखा धापा टाकू लागला, मग टेबल थरथरलं, समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर येऊन बघून गेलं आणि पडदा काळा झाला. खोटं वाटत असेल तर तळेगावात येऊन त्या सलूनवाल्याला विचारा.

मी बावीस वर्षं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. शूटिंग सोपं. जीव जातो तो रेंडरमध्ये. रेंडर म्हणजे चार कॅमेऱ्यांचे शेकडो तुकडे कॉम्प्युटरने शिजवून त्यांची एक सलग फिल्म करणं. शहरात ती फिल्म वीस मिनिटांची असते. आमच्या मावळात सहा तासांची. कारण आमच्याकडे माईकवर नावं पुकारून पाहुण्यांचे सत्कार होतात. टोपी, उपरणं, पुढाऱ्यांना फेटा. त्यातला एकही माणूस कापता येत नाही. एका माजी सरपंचांचे मी चार सेकंद कापले होते. पुढची दोन वर्षं त्या गावाने मला फुकटचा चहासुद्धा दिला नाही.

फोन वाजला. टाकवे बुद्रुकचे ज्ञानोबाभाऊ, नवरीचे वडील.

"दादा, झाली का फिलिम?"

"होतेय."

"तीन दिस झालं, होतीयाच. आमची वैशू परतणीला माहेरी आलीया. उद्या दुपारी जावयासंगं नागपूरला निघंल. आबांना तिच्याबरुबर बसून बघायचंय."

आबा म्हणजे ज्ञानोबाभाऊंचे वडील. खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्यांना नातीच्या लग्नाला येता आलं नव्हतं. त्यांना बघायचं होतं एवढंच, की आपला धाकटा भाऊ आला होता का. शर्यतीच्या एका बैलावरून दोघांत अठरा वर्षं बोलणं नव्हतं. घरचे शपथेवर सांगत होते, आला होता, सत्कार घेऊन गेला. फोटो दाखवला तर आबा म्हणाले, "फोटूत आजकाल कुणाला बी उभं करत्यात. हलताना दावा."

तुंगार्लीचा माझा मित्र शिरीष दोन वर्षं एकच जप करत होता: विंडोजचा लॅपटॉप सोड, मॅक घे. तो प्री-वेडिंग फिल्म करतो. नवरा-नवरी तळ्याकाठी तीन मिनिटं धुक्यात चालतात आणि संपतं. सत्कार नाही, सरपंच नाही. त्याला काय जातंय बोलायला?

वैतागून फुटेजची हार्डडिस्क घेतली आणि थेट त्याच्या घरी गेलो.

"तुझा मॅक उद्यापर्यंत दे. वापरून ठरवतो."

"वापरलास की परत देणार नाहीस."

"किंमत आठवली की देईन."

माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतं. रेंडर लावलं, मिसळ मागवली. दुसऱ्यांदा तर्री येईपर्यंत सहा तासांचं लग्न तयार. आवाज म्हणून नाही. जिवंत आहे का बघायला मी दोनदा कान लावला. मनातल्या मनात मी माझा विंडोज तिथेच भंगारात घातला.

आता टीव्हीला लावायला पेनड्राइव्ह. या मॅकला त्याचं भोकच नव्हतं, मध्ये ॲडाप्टर नावाचा बोटभर तुकडा लावावा लागला; टीव्हीची वायरही त्यालाच लागते. पेनड्राइव्ह पुसायला घेतला, तर मॅकने विचारलं, कोणत्या पद्धतीने तयार करू? शिरीष चहा टाकायला आत गेला होता. मी पहिला पर्याय दाबला आणि फिल्म भरली. बावीस वर्षांचा अनुभव, कुणाला कशाला विचारू?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टाकव्यात पोचलो. मॅक मिरवायला काखेत. खोलीत तीस माणसं, मधोमध खाटेवर आबा, शेजारी नवरी वैशाली. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. टीव्ही म्हणाला, यात काहीच नाही.

शिरीषला फोन लावला.

"पहिला पर्याय दाबलास? तो मॅकपुरता असतो. टीव्हीला ते वाचता येत नाही."

"मग मॅकच टीव्हीला जोडतो."

"जोड की. ॲडाप्टर लागेल."

"कुठाय तो?"

"माझ्या टेबलावर. बघतोय मी त्याच्याकडे."

तुंगार्लीला जाऊन येईपर्यंत वैशाली नागपूरच्या वाटेला लागली असती. तीस माणसं माझ्याकडे बघत होती. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आला न्हवता, आसं सरळ म्हणा की. कशाला सोंगं?"

वैशालीने माझ्या काखेकडे बोट दाखवलं. "काका, ह्याच्यावरच लावा ना."

बावीस वर्षं, आणि हे मला सुचलं नव्हतं.

पिठाचा डबा खाटेवर पालथा घातला, त्यावर मॅक. सत्कार सुरू झाले. अडतिसाव्या नावाला एक काटकुळा म्हातारा पुढे आला. ज्ञानोबाभाऊंनी त्याला टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं. म्हातारा मागे वळून कुणाला तरी शोधत राहिला.

"थांबीव," आबा म्हणाले. "मागं घे."

सात वेळा मागं घेतलं.

"मला हुडकतोय," आबा म्हणाले. "लय वाळलाय. लावा फोन त्याला."

निघताना आबांनी मलाही टोपी-उपरणं द्यायला लावलं.

मी फुशारून तळेगावला आलो आणि विंडोज विकायला रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने पाठ खोलली, आत बघितलं आणि मला खुर्ची दिली. पंख्यात गच्च बसलेल्या अक्षता. नऊ वर्षं फुटेज उतरवायला लॅपटॉप मांडवात स्टेजशेजारी उघडा ठेवत होतो, प्रत्येक लग्नाने मूठमूठ टाकली होती. हळदीच्या, कुंकवाच्या, एक तर चक्क मोड आलेली.

"दादा," तो म्हणाला, "याचीच किती लग्नं लावलीत?"

साफ केला तर पंखा गप्प आणि रेंडर एका दमात. मॅकइतक्या वेगात नाही, पण मिसळ आणि वर दोन चहांत होतं.

मॅक परत दिला. जुनं यंत्र बदलायचं ठरवण्याआधी ते एकदा उघडून बघावं, एवढंच मी शिकलो. आता मंगलाष्टकं सुरू झाली की लॅपटॉपवर आबांचं उपरणं पांघरतो. वऱ्हाडी विचारतात, याचा कसला सत्कार?